दम पुरवून वापरायचा कसा?

सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटला विचारा, सगळ्यात जास्त धाप कधी लागते? आपल्याला वाटतं, जिना चढताना असं उत्तर येणार. पण बरेच जण सांगतात, अंघोळ करताना. त्याखालोखाल वाकून चप्पल घालताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, केस विंचरताना. घरच्यांना हे पटत नाही. बागेत दोन फेऱ्या मारून येतात आणि चार तांबे पाणी अंगावर घेताना धापा टाकतात, हे काय नवीनच? कुणी तोंडावर म्हणतं, कुणी मनात. त्यात ते बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन ९५ दाखवत असेल तर मग विचारूच नका. पेशंट नाटकी ठरतो.

पेशंट खरं बोलत असतो आणि यंत्रही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे एकदा कळलं की दवाखान्यातल्या पत्रकावरच्या वीस-पंचवीस सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बहुतेक आपल्या आपणच सुचतात.

घोडं अडतं ते श्वास सोडताना

सीओपीडी हा फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार. विडी-सिगारेट हे मोठं कारण, पण आपल्याकडे ते एकमेव नाही. चुलीचा आणि गोवऱ्यांचा धूर, खाणीतली किंवा गिरणीतली धूळ, पूर्वी होऊन गेलेला टीबी, यांतूनही तो येतो. म्हणूनच जन्मात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका छातीच्या ओपीडीत दिसतात. २०१६ साली भारतात या आजाराचे साडेपाच कोटींच्या आसपास रुग्ण असावेत असा अंदाज होता.

निरोगी फुप्फुसात लवचीकपणा असतो. श्वास भरून झाला की ते आपोआप आकसतं आणि हवा बाहेर पडते. त्यासाठी काही करावं लागत नाही. सीओपीडीत दोन गोष्टी बिघडतात. नळ्यांना सूज येते, त्यांच्यात कफ साचतो. आणि नळ्यांच्या टोकाला जे सूक्ष्म वायुकोश असतात त्यांच्या भिंती झिजून फाटतात, त्यामुळे आकसण्याचा जोर कमी होतो. श्वास सोडताना आधार गेलेल्या नळ्या मध्येच मिटतात आणि त्यांच्यामागची हवा आत अडकून पडते.

पेशंट म्हणतो, ‘श्वास आत जात नाही.’ वाटतं तसंच, पण मूळ दुखणं उलट आहे. आधीची हवा बाहेर पडलेली नाही, म्हणून नवीन आत शिरायला जागा नाही. सकाळच्या लोकलमध्ये उतरणारे उतरलेच नाहीत, तर फलाटावरच्यांनी कितीही रेटा दिला तरी ते चढणार कुठे?

आता थोडा हिशोब. शांत बसलेला माणूस मिनिटाला १५ श्वास घेतो असं धरलं, तर एका श्वासाच्या वाट्याला ४ सेकंद येतात. घाईघाईत काम करताना श्वास ३० वर गेले की २ सेकंद. घेणं आणि सोडणं, दोन्ही त्यातच. निरोगी माणसाला ते पुरतात. अरुंद नळ्यांतून मात्र तेवढ्यात हवा पूर्ण बाहेर पडत नाही. थोडी मागे राहते, तिच्यावर पुढचा श्वास चढतो, त्याच्यावर त्याच्या पुढचा. छाती भरत जाते. फुप्फुसांखालचा श्वासपटलाचा पडदा, जो घुमटासारखा वर उचललेला हवा, तो दबून सपाट होतो आणि त्याची खेचण्याची ताकदच जाते. या साचण्याला डॉक्टर ‘डायनॅमिक हायपरइन्फ्लेशन’ म्हणतात. काम थांबवून काही मिनिटं शांत उभं राहिलं, की साचलेली हवा हळूहळू ओसरते आणि धाप बसते.

यात रक्तातला ऑक्सिजन कमी झालेलाच असेल असं नाही. म्हणून यंत्रावर ९५ आणि समोर धापणारा माणूस, हे दृश्य अगदी शक्य आहे. यंत्र ऑक्सिजन मोजतं. छातीत किती हवा तुंबली आहे ते त्याला कळत नाही.

दम कुठे जातो

श्वास सोडायला वेळ आणि जागा मिळाली नाही की काम अवघड होतं, मग ते कितीही किरकोळ दिसो. घाई वेळ खाते, हे झालंच. वाकलं की पोट वर सरकून त्या आधीच सपाट झालेल्या पडद्याला दाबतं. तीच गोष्ट भरपेट जेवणाची, परकराच्या करकचून बांधलेल्या नाड्याची आणि पँटच्या पट्ट्याची.

वर उचललेल्या हातांचं गणित जरा वेगळं. पडदा थकला की मानेचे, खांद्यांचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. हात डोक्यावर गेले की हेच स्नायू हात तोलून धरण्यात गुंततात आणि मदत बंद होते. म्हणून वेणी घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, काठीनं वरच्या दांडीवर कपडे सरकवणं ही कामं सपाट रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा जड जातात. उलट हात कशावर तरी टेकवले की हे स्नायू श्वासासाठी मोकळे होतात. मॉलमधली ट्रॉली ढकलत चालताना बऱ्याच पेशंटना आश्चर्य वाटावं इतकं सोपं जातं, ते याच कारणानं. चाकांचा वॉकर हाच फायदा देतो. तो घ्यायची लाज वाटते, हा भाग निराळा.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बादली उचलताना, खुर्चीतून उठताना, डोक्यावर पाणी ओतताना, शौचाला जोर करताना आपण नकळत श्वास रोखतो. निरोगी माणसाला काही फरक पडत नाही. इथे मात्र त्या दोन-तीन सेकंदांची भरपाई पुढचे दहा श्वास करत बसतात.

ओठांचा चंबू

सगळ्या उपायांत बिनखर्चाचा आणि सगळ्यात उपयोगी उपाय हा. नाकानं दोन अंक मोजत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि चार अंक मोजत हळू सोडायचा. गाल फुगवायचे नाहीत, पोटातून जोर लावून फुंकायचं नाही. जोर लावला तर नळ्या उलट लवकर मिटतात. चंबूमुळे हवेला तोंडाशी हलकासा अडथळा होतो, त्या उलट्या दाबानं आतल्या नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघून जाते. शिवाय श्वासांची गती आपोआप कमी होते.

हे बसल्या बसल्या, धाप नसताना शिकून ठेवावं. जीव घाबरा झाल्यावर नवीन काही शिकता येत नाही.

दुसरा नियम याच्याच जोडीचा. कामातला जोराचा भाग श्वास सोडताना करायचा. खुर्चीतून उठायचंय? आधी श्वास घ्या, मग सोडत सोडत उठा. जिना असेल तर थांबून श्वास घ्या आणि सोडताना एक किंवा दोन पायऱ्या चढा. पुन्हा थांबा. दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात जाऊन दारात पाच मिनिटं धापत बसण्यापेक्षा हे वेळेतही स्वस्त पडतं. चढताना बोलायचं मात्र नाही. बोलणं श्वास सोडतानाच होतं, आणि आपल्याला तो सोडणं चढण्यासाठी हवं असतं. मोबाइल वाजला तर वाजू द्यावा.

न्हाणीघरातून सुरुवात

माझ्या मावशीनं उभी हयात चुलीपुढे काढली. गॅस आला तेव्हा छातीनं आधीच काम दाखवलं होतं. तिच्याकडे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. ती सरळ न्हाणीघर बघायला गेली.

“मावशी, हा पाट आता बंद. स्टूल घ्या.”

“अगं, न्हाणीत स्टूल? लोक काय म्हणतील?”

“न्हाणीत लोक असतात का?”

स्टूल आलं. पाटावरून उठताना मावशीचा अर्धा दम जायचा, तो वाचला. मग त्या मुलीनं बादलीही जमिनीवरून उचलून दुसऱ्या बुटक्या स्टुलावर ठेवली. म्हणजे तांब्या भरायला प्रत्येक वेळी वाकायला नको. तांब्या मोठा होता, त्याच्या जागी लहान आला, आणि तोही अर्धाच भरायचा ठरलं. पाणी डोक्यावरून ओतायचं नाही, खांद्यावरून सोडायचं. डोक्यावरून न्हाणं वेगळ्या दिवशी आणि कुणाच्या तरी हातून. हँडशॉवर असेल तर उचलण्याचं कामच संपतं. पाणी कोमट, कारण कोंदट वाफेत दम कोंडल्यासारखा वाटतो. खिडकी किंचित उघडी, दाराची कडी आतून न लावलेली. पाठ घासायला लांब दांड्याचा ब्रश.

मला सगळ्यात आवडली ती पुसण्याची युक्ती. अंग पुसणं हे अंघोळीतलं सगळ्यात महाग काम: हात वर, हात मागे, वाकून पाय, आणि सगळं घाईत, कारण थंडी वाजते. त्यावर उपाय म्हणजे टॉवेलच्या कापडाचा गाऊन. ओल्या अंगावर तो चढवायचा आणि बाहेर खुर्चीत पाच-दहा मिनिटं नुसतं बसायचं. पाणी कापड टिपून घेतं.

अंघोळीची वेळ हा मोठाच वादाचा मुद्दा. सकाळी उठल्या उठल्या छातीत कफ असतो, औषध लागू पडलेलं नसतं. आधी इन्हेलर, कफ मोकळा होणं, चहा, थोडी विश्रांती, आणि मग अकराच्या सुमाराला अंघोळ, असा क्रम बहुतेकांना मानवतो. चटकन काम करणारा इन्हेलर अंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घेतला तर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. पण आपल्याकडची मोठी माणसं पारोशानं देवाला हात लावत नाहीत, नाश्ताही करत नाहीत. मग उठल्यापासून तासाभरात शौच, दाढी, अंघोळ, कपडे, पूजा असं सगळं एकापाठोपाठ उरकायचं आणि दिवसभर कॉटवर पडून राहायचं. माझं मत विचाराल तर देवाला अकरापर्यंत थांबायला काही हरकत नसावी.

कपड्यांचंही असंच. बसून घालायचे. डोक्यातून घालायच्या बनियन-कुर्त्यापेक्षा पुढून बटणांचा सदरा बरा. पाय जमिनीवर ठेवून वाकण्याऐवजी पाय गुडघ्यावर आडवा घेऊन मोजा चढवायचा. पट्टा न लावता पाय सरकवता येईल अशी चप्पल. दाढी करताना किंवा केस विंचरताना कोपरं टेबलावर टेकवायची.

ओटा, डबे, धूर

आपला ओटा उभ्यानं काम करण्यासाठीच बांधलेला असतो. भाजी निवडणं, लसूण सोलणं, चिरणं ही कामं जेवणाच्या टेबलावर बसून करावीत. विळी जमिनीवर असेल तर बसणं-उठणंच भाजीपेक्षा महाग. पोळ्या लाटायला उंच स्टूल घेऊन ओट्याशी बसता येतं. कणीक मळणं मात्र सोडून द्यावं. दोन्ही हातांचा जोर आणि पुढे दाबलेली छाती, याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. रोज लागणारे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर आणावेत. भरलेला कुकर उचलू नये, ओट्यावरून सरकवावा.

फोडणीआधी एक्झॉस्ट फॅन चालू करावा, नंतर नाही. मिरचीचा ठसका निरोगी माणसालाही कासावीस करतो. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांना घरातून रजा द्यावी. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याची मोजणी झालेली आहे. मच्छरदाणी बरी. आणि घरात ऑक्सिजन लावलेला पेशंट असेल तर शेगडी, निरांजन, समई यांच्याजवळ त्यानं नळी लावून जाताच कामा नये. तिथे प्रश्न धुराचा नसतो, आगीचा असतो.

जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. गिळताना दर वेळी श्वास थांबतो, त्यामुळे खाणंही कष्टाचं होतं आणि माणूस खाणं टाळतो. ते परवडणारं नाही, कारण नुसता श्वास घेण्यातच त्याची जास्त शक्ती जात असते आणि वजन उतरलं की स्नायूही उतरतात. मऊ खिचडी, अंडं, दही, दाट वरण चालेल. पोट फुगवणारे वाल-पावटे बेतानं.

मग दिवसभर पडून राहायचं का?

इथे बरीच घरं चुकतात, तीही प्रेमापोटी. ‘तुम्ही काही करू नका, बसून राहा.’ सहा महिने बसून काढलेल्या पायांचे स्नायू इतके ढिले होतात, की थोडं चाललं तरी त्यांच्यात लॅक्टिक आम्ल लवकर तयार होतं, ते निस्तरताना शरीरात जास्त कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो बाहेर टाकायला आणखी श्वास लागतात. म्हणजे तेवढ्याच अंतराला आता जास्त दम. धाप वाढली म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून धाप जास्त.

अंघोळीत, ओट्याशी, वाळत घालण्यात वाचवलेला दम चालण्यात घालायचा असतो. पल्मनरी रिहॅबिलिटेशन नावाचा जो सहा ते बारा आठवड्यांचा व्यायामाचा कार्यक्रम असतो, त्याच्या आधी आणि नंतर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजतात. फुप्फुसाच्या फुंकण्याच्या चाचणीत आकडा जवळपास तोच राहतो, आणि तरीही चालणं वाढतं, धाप कमी होते. सुधारतात ते पाय आणि सुधारते श्वास वापरण्याची रीत. हे सीओपीडीतल्या सगळ्यात परिणामकारक उपचारांपैकी एक आहे आणि आपल्याकडे सगळ्यात कमी लिहून दिलं जातं, ही खेदाची गोष्ट.

किती दमायचं याला एक सोपं माप आहे. शून्य म्हणजे धाप नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडची. व्यायामात तीन-चारवर राहायचं: श्वास वाढलाय, पण छोटं वाक्य बोलता येतंय. घरकामात त्याच्याही खाली. आणि थांबायचं ते दमल्यावर नाही, दमण्याआधी.

कुठलं काम सोडायचं आणि कुठलं ठेवायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. मावशीनं पोळ्या आणि धुणं सुनेला देऊन टाकलं, चहा दिला नाही. “चहा मीच करणार, उभ्यानं करणार.” ओट्याला कंबर टेकवून, चंबू करत ती करते. चहाच्या वेळी कुणी मध्ये पडत नाही.

बाहेर पडताना सगळ्यात मोठी शत्रू घाईच. गाडीच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी निघालं तर स्टेशनच्या पुलावर दोनदा थांबता येतं, लिफ्टची वाट बघता येते. दोन किलो एका हातात घेण्यापेक्षा पाठीवरची पिशवी किंवा चाकांची पिशवी बरी.

धाप लागलीच तर

बसा. पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा, खांदे सैल सोडा, ओठांचा चंबू करा. पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर घ्या. नाका-गालांना गार वारा लागला की धापेची जाणीव कमी होते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा खिशात असू द्यावा. घरच्यांनी भोवती गर्दी करून प्रश्न विचारू नयेत, कारण उत्तर द्यायला श्वास लागतो.

काही मिनिटांत उतार पडला नाही, बसल्या जागी दम लागतोय, ओठ निळसर दिसतायत, माणूस गुंगीत किंवा भ्रमात बोलतोय, तर मात्र युक्त्यांची वेळ संपली. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. कफाचा रंग बदलणं, तो वाढणं, पायांवर सूज येणं यासाठीही थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं.

एक खुलासा हवा. वर सांगितलेलं साचलेल्या हवेचं गणित सीओपीडीचं आहे. फुप्फुसं कडक होण्याच्या आजारात, म्हणजे फायब्रोसिसमध्ये, हवा आत घेणं अवघड असतं आणि चालताना ऑक्सिजन झपाट्यानं खाली येऊ शकतो. स्टूल, गाऊन, बसून काम या गोष्टी तिथेही लागू. पण किती चालायचं ते यंत्र लावून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

धापेची तीव्रता ठरवायला डॉक्टर वापरतात ती शून्य ते चार अशी श्रेणी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या अभ्यासातून आलेली आहे. तिच्या शेवटच्या पायरीवर ‘कपडे घालताना-काढताना धाप लागते’ असं चक्क लिहिलेलं असतं. पण आपण दवाखान्यात जातो आणि ‘थोडा दम लागतो’ एवढंच सांगून येतो. पुढच्या वेळी जाताना कागदावर लिहून न्या: अंघोळीला किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा थांबावं लागतं, धाप बसायला किती मिनिटं जातात, कोणतं काम गेल्या वर्षी जमत होतं आणि आता सोडलंय. आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का, हेही त्याच कागदावर खाली लिहा, नाहीतर विचारायचं राहून जातं.